वरातीची घोडी आणि गुळाची खिडकी

पहिलंच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानत नाय. आम्ही बुद्धाला मानणारी माणसं. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाय, कपाळाला अंगारा नाय, घरात कुणाच्या अंगात येत नाय. शेजारच्या बायका पिंपळावरच्या बाईच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी उठून भांडी घासायला जायचे. जिवंत माणसांचंच इतकं बघितलं की मेलेल्यांना भ्यायला सवड मिळाली नाय. तरी ही एक गोष्ट हाय... ती कुठं बसवावी ते मला अजून कळत नाय. मी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून मी बोलते आणि नात प्रियांका इथं टाइप करते. तिला सांगून ठेवलंय, माझं बोलणं सुधारायचं नाय.

आमचे मालक नाशकात टांगा चालवायचे. द्वारका चौकातनं माणसं भरायची आणि पंचवटी कारंजापर्यंत सोडायची. घोड्याचं नाव सरदार. नव्वद सालाच्या पुढं कधीतरी कावीळ झाली आणि मालक आठवडाभरात गेले. पदरात दोन पोरं, विलास आणि सुनंदा. दारात घोडा उभा, त्याला चंदीचारा लागतोच. मंग काय, पदर खोचला आणि मीच टांग्यावर बसले. लोक थांबून थांबून बघायचे. एकजण म्हणला, "बाई, घोडा तुम्हाला नेतोय का तुम्ही घोड्याला?" म्हणलं, "तू बस मागं, मंग कळंल." बसला. पोचला.

पुढं रिक्षा वाढल्या. सरदार म्हातारा होऊन गेला, टांगा मोडीत गेला. मी निफाडकडं द्राक्षाच्या बागांत कामाला जायचे, परत येऊन दोन घरची धुणी. रडत बसले नाय. सुनंदा नर्स झाली आणि पार आयर्लंडला गेली. विलास द्वारकेवर रिक्षा चालवतो, प्रियांका त्याचीच पोरगी.

तर मोबाईलात नुकता कॅमेरा आला होता तेव्हाची ही गोष्ट. सुनंदाचा फोन आला. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, एकदाबी येता आलं नव्हतं.

"आई, पासपोर्ट काढ. तुला इकडं बोलावते. आपण दोघी घोड्यावरून फिरायला जाऊ."

"टांग्यात?"

"नाय गं, घोड्यावर! इथं तशी सुट्टी असते. रोज घोड्यावर बसायचं, शेतांतून, समुद्राच्या काठानं जायचं. संध्याकाळी एका गावात मुक्काम, सकाळी पुढं. आपलं सामान गाडीनं पुढं जातं."

"सामान गाडीत आणि माणसं घोड्यावर? उलटं नाय का ते?"

ती हसत सुटली. मी फोन ठेवला आणि घरात नुसत्या चकरा मारत सुटले... लग्नातबी इतका आनंद झाला नव्हता. तुम्हाला वाटंल, टांगेवाल्याच्या बायकोला घोड्याचं काय कौतुक. पण आमच्यात टांग्याच्या घोड्यावर कुणी बसत नसे. दिवसभर ओढतो बिचारा, वर त्याच्या पाठीवर वजन कशाला, असं मालक म्हणायचे. मी जन्मभर घोड्याची शेपटीच बघितली होती. आता त्याचे कान वरनं बघायचे होते. आणि सुनंदाचं तोंड बघायचं होतं.

विलास मात्र तापला. "आई, तुझं वय काय? बाप गेला, बहीण परदेशी गेली. आता तू तिकडं हाडं मोडून घेतलीस तर मी काय करू?" सुनंदानं फोनवर आणखी भर घातली. तिथली घोडेवाली बाई म्हणे, माणसाला घोडा एकट्यानं चालवता, थांबवता, वळवता आला पाहिजे, तरच घेते. त्याची शूटिंग पाठवा.

मंग विलासनं अट घातली. "तू शिक. एक महिना देतो. मग कुणी दोरी न धरता तू एकटी घोडी मैदानाच्या टोकाला नेऊन परत आणायची, माझ्यासमोर. जमलं तर मी स्वतः विमानतळावर सोडतो. नाय जमलं तर हा विषय बंद."

म्हणलं, चालंल.

आता नाशकात घोडा शिकायचा कुठं? मोठ्या लोकांचे क्लब असतील, आपल्याला कोण घेतंय. द्वारकेजवळ युसुफभाई राहायचे, लग्नात नवरदेवासाठी घोडी भाड्यानं द्यायचे. विलासच्या ओळखीचे. चातुर्मास चालू होता, लग्नं बंद, घोडी रिकामी उभी. पांढरीशुभ्र, नाव चांदणी.

युसुफभाई म्हणाले, "मावशी, घोडी शरीफ आहे. पण एक बात सांगतो, हिला चालायला कमी येतं, नाचायला जास्ती येतं."

ते खरंच निघालं. रोज सकाळी तपोवनाच्या मोकळ्या मैदानात प्रॅक्टिस. सुनंदाची जुनी सलवार, त्यावर माझं पोलकं, डोक्यावर विलासचं हेल्मेट आणि खाली जरीचं, टिकल्या लावलेलं खोगीर. कॉलनीतल्या बायकांची नुसती मज्जा. पारूबाई ओरडायची, "अगं, नवरदेव पळून गेला का? तू एकटीच निघालीस!" मी म्हणायचे, "त्यालाच धरायला चाललेय!"

चांदणी चार पावलं टाकायची आणि थांबायची. वरातीत माणसं नाचायला थांबतात ना, तशी. युसुफभाई दोरी धरून ओढायचे, मंग पुढं. आणि पलीकडं गणपतीच्या ढोल-पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली की संपलं. पुढचे पाय उचलून ठुमकायलाच लागायची. ढोल बंद झाल्याशिवाय थांबायचं नाव नाय. माझी कंबर खिळखिळी व्हायची, पण हसूबी यायचं. घरी येऊन गरम पाण्यानं शेकायचं आणि प्रियांकाकडून इंग्रजी शिकायचं... वॉक, स्टॉप, लेफ्ट. सुनंदाला विचारलं, "तिथल्या घोड्यांना मराठी नाय कळलं तर?" म्हणाली, "आई, तिथले घोडे इंग्रजीबी ऐकत नाहीत." नवीन बूट घेतले होते, ते मी उशाशी ठेवून झोपायचे. खोटं कशाला सांगू.

महिना संपत आला तरी दोरी सोडली की घोडी जाग्यावर उभी. मला आतून कळून चुकलं होतं, आपलं काय जमत नाय.

परीक्षेचा दिवस. सकाळची आठची वेळ असंल, लख्ख ऊन पडलं होतं. विलासनं रिक्षा मैदानाच्या कडेला लावली, मोबाईल काढून शूटिंग सुरू केली. युसुफभाईंनी दोरी सोडली आणि बाजूला झाले. मी टाच लावली. घोडी ढिम्म. तोंडानं आवाज केला. ढिम्म. आणि नेमका तेवढ्यात पलीकडं ढोल सुरू झाला.

चांदणी लागली नाचायला. दोरी धरायला कुणी नाय. मी इकडं हलते, तिकडं हलते. खोगीर धरून बसले. विलास ओरडतोय, "युसुफभाई, धरा! आई, उतर, बस झालं!" मला दिसत होतं, गेलं सगळं. सुनंदा गेली, आयर्लंड गेलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडातून निघालं,

"चला सायेब, हपिसात."

हे आमच्या मालकांचं बोलणं. रोज सकाळी टांगा जोडला की सरदारला ते असं म्हणायचे, तेव्हाच तो पाऊल उचलायचा. मला ते वीस वर्षं ऐकून पाठ. पण चांदणीला कधी म्हणले नव्हते. आठवलंबी नव्हतं.

घोडी थांबली. ढोल चालूच होता, धडाधडा. ती जशी बहिरी झाली. एक कान मागं केला, मान खाली घातली आणि चालायला लागली. वरातीचं चालणं नव्हे ते... टांग्याचं. सरळ, एका लयीत, मागं वजन असल्यासारखं. मैदानाच्या टोकाला गेली. मी परत वळवायला लगाम ओढला, तर वळली नाय. मैदान सोडून रस्त्याला लागली.

पाठीमागं युसुफभाई चपला हातात घेऊन पळतायत, त्यांच्यामागं विलास रिक्षा घेऊन, हॉर्नवर हॉर्न. चांदणी रस्त्याच्या डाव्या कडेनं, टेम्पो गेला, एसटी गेली, दचकली नाय. गणेशवाडीच्या कोपऱ्यावर आपली आपण उभी राहिली. तिथं आमच्या शिटा, म्हंजे टांग्यातली माणसं, उतरायची. थोडी थांबली, चालली. कारंजाजवळ पुन्हा थांबली, जिथं टांगे लागायचे तिथंच. चहाच्या गाडीवरची पोरं ओरडली, "ओ आजी, वरात कुठंय?" मी नुसता हात हलवला. भीती म्हणाल तर नाय वाटली. अंगावर काटा होता, पण आतून आनंदानं नुसतं भरून आलं होतं. मी घोड्यावर होते आणि घोडा चालत होता!

इथवर म्हणाल तर मीबी म्हणंन, माझेच हात वळवत असतील. जुना रस्ता, जुनी सवय. पण पुढं घोडी कारंजाच्या मागं एका बोळात शिरली. त्या बोळात मी जन्मात कधी गेले नव्हते. दोन वर्षं टांगा हाकला, तेव्हाबी नाय. अरुंद बोळ, माझे गुडघे भिंतीला घासायचे बाकी. एका जुन्या घरासमोर थांबली. रस्त्याच्या उंचीला बुटकी खिडकी, लाकडी गजांची, बंद. चांदणीनं तोंड पुढं केलं आणि ओठांनी खिडकीच्या फळीवर थाप मारली.

खिडकी उघडली. आत माझ्याहून म्हातारी बाई. तिनं घोडीकडं बघितलं, आत गेली आणि गुळाचा खडा आणून तळहातावर धरला. घोडीनं खाल्ला. मंग कुठं तिनं वर बघितलं.

"तुम्ही कोण?"

मी म्हणलं, "मलाच कळत नाय हो. घोडीनं आणलं."

"इथं एक टांगा यायचा," ती म्हणाली. "लय वर्षं झाली. माझ्या पोरीला पायाला पोलिओ. टांगेवाला रोज सकाळी यायचा, तिला उचलून बसवायचा आणि शाळेत सोडायचा. घोडा असाच खिडकी वाजवायचा, गुळासाठी. मग एक दिवस टांगा यायचा बंद झाला. आम्हाला नावबी नीट ठाऊक नव्हतं, कुठं शोधणार?"

"घोडा कसा होता?"

"तांबडा. कपाळावर पांढरा ठिपका."

सरदार.

मालक रोज सकाळी लवकर निघायचे. विचारलं तर म्हणायचे, "घोडा मोकळा करून आणतो." मीबी पुढं विचारलं नाय, माणसाला दिवसभर घाम गाळायचा असतो, सकाळचं थोडं त्याचं त्याला असू दे. ते गेल्यावर सुरवातीला सरदार कारंजाजवळ मान एका बाजूला ओढायचा. मला वाटायचं, मालकाला शोधतोय.

तेवढ्यात विलास पोचला, रिक्षा बोळाच्या तोंडाशी सोडून पळत आलेला. मी त्याला म्हणलं, "हे बघ, तुझा बाप इथं यायचा." त्या बाईनं पुन्हा सगळं सांगितलं. तिची पोरगी आता निफाडकडं शाळेत बाई हाय म्हणे, स्वतःचं घर, लेकरं. विलास ऐकत होता आणि चांदणीच्या मानेवर हात फिरवत होता. त्याला घोडे आवडत नाहीत, लहानपणापासून.

युसुफभाईंना नंतर मी खोदून खोदून विचारलं, कधी हिला या बोळात आणली होती का? ते म्हणाले, "मावशी, या बोळात वरात शिरणार कशी? बँडवाले मावणार नाहीत." घोडी त्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घेतलेली, सरदार गेल्यावर कितीतरी वर्षांनी. ते स्वतः मालेगावचे, आमच्या मालकांना त्यांनी कधी बघितलेलंबी नव्हतं. उलट मलाच विचारायला लागले, "मावशी, तुम्ही तिच्या कानात काय बोलला ते सांगा ना, लग्नात कामाला येईल." सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं, लय वेळा. घोडी ढिम्म. मी म्हणून बघितलं, तरीबी ढिम्म. त्या एका सकाळीपुरतं जे काय होतं ते होतं.

त्या रात्री जेवताना विलास म्हणाला, "आई, तू ती घोडी परत नाय आणलीस मैदानात. अट मोडली." माझा घास हातातच राहिला. मंग म्हणाला, "पण नेलीस अटीपेक्षा लांब. बॅग कधी भरायची?" प्रियांका टाळ्या पिटायला लागली आणि मी उठून उगीच पाणी प्यायला गेले.

मैदानावरची शूटिंग त्या घोडेवाल्या बाईला पाठवली. ढोल, नाचणारी घोडी, वर हेल्मेट घातलेली म्हातारी. तिनं सुनंदाला सांगितलं म्हणे, हिला काय विचारायचं, हिला पाठवा.

गेले मी. मुंबईहून विमान, मंग दुसरं विमान. सुनंदा समोर दिसली तेव्हा आधी मी तिला ओळखलंच नाय, इतकी गोरी झालेली. आठवडाभर घोड्यावरून फिरलो. हिरवं रान, दगडाच्या भिंती, मेंढ्या, आणि पाऊस असा बारीक की भिजल्याचं उशिरा कळतं. मांड्या सोलून निघाल्या. पण एकदाबी पडले नाय.

एक दिवस समुद्राच्या काठानं शेजारी शेजारी चाललो होतो, तेव्हा मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात काम करती, तिला सगळ्याचं कारण लागतं. म्हणाली, "आई, तुझ्याच हातानं वळवली असशील. मनात असतं ते हाताला कळतं."

"मनात असायला घर ठाऊक पाहिजे ना? मला ते घरच ठाऊक नव्हतं."

तिनं घोड्याच्या मानेवर थोपटलं. लाटांचा आवाज चालू. मंग हळूच म्हणाली, "बाबा आणखी कुठंकुठं जायचे, कुणाला ठाऊक."

"घोड्यांना ठाऊक," मी म्हणलं.

आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढं चाललेली ती गोरी बाई घोडा थांबवून मागं बघायला लागली. सुनंदा तिला इंग्रजीत काय काय समजावत होती. मी म्हणलं, सांग तिला, कारण विचारू नको, कारण आमच्याकडंबी नाय.