गल्लीतलं गाणं

मोठ्या शहरांतल्या बॅन्डवाल्या पोरांच्या मुलाखती मी दुकानात बसून मोबाइलवर बघतो आणि मला राग येतो. आमचं संगीत मुख्य प्रवाहाच्या बाहेरचं आहे, असं ते फार सहज सांगतात. समोर गार कॉफी, मागे मंद दिवे, आणि ऐकायला आलेली माणसं गप्प बसलेली. आमच्या शहाद्याला मुख्य प्रवाह म्हणजे वरातीपुढे चालणारी पिकअप आणि तिच्यावर बांधलेले भोंगे. त्यांच्या बाहेर राहून एक गाणं शेवटपर्यंत म्हणून दाखवा, मग आपण बोलू.

मी काही मोठा जाणकार नाही. आमचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, म्हणून घरात मारवाडी, गल्ल्यावर अहिराणी आणि मराठी शाळेपुरती. मी बेस गिटार वाजवायचो. हे वाद्य कुणाला ऐकू येत नाही, आणि नेमकं वाजतं कोणतं हेही कुणाला कळत नाही. माझ्या वडिलांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की मी नुसता उभा असतो.

आमचा चौघांचा बॅन्ड होता. ड्रमवाला लोणखेड्याचा, कीबोर्डवाला पहाडातल्या, मोलगीकडच्या पाड्यावरचा, लोणखेड्यात कॉलेजला आलेला. आणि गाणारा, गाणी लिहिणारा माझा मित्र कळसाडीचा. घरचं शेत, कापूस आणि ऊस. तो मला लहानपणापासून ‘शेठ’ म्हणायचा, खिशात दमडी नसली तरी. आम्ही आमच्या गोदामात सराव करायचो, पाइपांच्या थप्प्यांमध्ये. पाइपांत आवाज घुमायचा आणि आम्हाला वाटायचं, आपण फार भारी वाजवतोय.

त्याचं एक गाणं होतं. बाकीचीही होती, पण खरं गाणं ते एकच. गल्लीवरचं. त्याच्या गल्लीतली घरं एकेक करून बंद होत गेली, माणसं कामाला सुरतेला गेली, त्यावरचं. पहिली ओळ होती, ‘दारले कुलूप, किल्ली गई सुरतले.’ संथ चाल, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. नाचायला काडीचा उपयोग नाही. पहिल्यांदा त्याने ते गोदामात म्हटलं तेव्हा आम्ही तिघंही वाजवायचं विसरलो होतो. मला ते आवडलं, असं म्हणणं कमी होईल. मला वाटलं, या भागात जन्मून आपण फुकट गेलो नाही.

मी म्हटलं, रेकॉर्ड करू. नाशिकला जाऊ, नाहीतर मोबाइलवर करू, आणि टाकून देऊ. त्याने साफ नाकारलं.

"मोबाइलमातलं गानं म्हनजे फोटोमातली भाकर," तो म्हणाला. "पहिले गावमा म्हनसू. माय पुढे बशीन आयकी. मंग तुले जे करनं ते कर."

त्याच्या आईने ते गाणं ऐकलेलं नव्हतं. घरात वडिलांचा पारा चढतो म्हणून तो गायचा नाही. पहाटे शेतातली मोटार चालू करायला निघताना चपला शोधता शोधता पहिली ओळ गुणगुणायचा, तेवढीच आईच्या कानावर पडलेली. पुढचं काय, असं तिने विचारलं की म्हणायचा, स्टेजवर आयक. आईला दळण-कांडण सोडून खुर्चीवर बसलेली बघायची त्याला हौस होती. हाताला काम नसताना, फक्त कान उघडे. त्याचं मत असं की गाणं गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकायचं असतं, नाहीतर ऐकूच नये. मला त्याचं हे मत तेव्हा पटायचं. आम्ही त्यावर भाषणंही ठोकायचो, चहाच्या टपरीवर, कुणी विचारलेलं नसताना.

लोणखेड्याला एका गॅदरिंगमध्ये आम्ही ते वाजवलं. पोरं ओरडायला लागली, काही नाचाचं लावा. पुढच्या रांगेतले पाहुणे चहाला उठले. साउंडवाल्याने आमचा आवाज बारीक केला, त्यालाही कंटाळा आला असावा. मला घाम फुटला, ड्रमवाला माझ्याकडे बघायला लागला. हा मात्र डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत गेला. खाली उतरल्यावर मी फणफणत होतो.

"मांगे एक जन आयकी ऱ्हायंता," तो म्हणाला.

"एकच ना?"

"व्हय, पन पुरं आयकं तेनं."

थोड्या दिवसांनी कीबोर्डवाला बॅन्डपार्टीत गेला. लग्नसराईत त्यांना रोज काम असतं, पहाडात आणि सपाटीवर दोन्हीकडे. तो गेला त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार पुढे झाली. शहाद्यात आमच्या दुकानासमोरून एक वरात चालली होती आणि पिकअपवरचा गायक म्हणत होता, दारले कुलूप, किल्ली गई सुरतले. चाल तीच, पण पळवलेली, खाली धडाडधूम ठेका, आणि पोरं हात वर करून नाचत होती. रिकाम्या घरांच्या गाण्यावर! बॅन्डही आमच्या कीबोर्डवाल्याचा नव्हता. म्हणजे चाल त्याच्याकडून निघून कुठल्या कुठे पोचली होती. वाजवणाऱ्याला मी विचारलं, हे गाणं कुणाचं? तो म्हणाला, जुनं शे, गावठी.

मी दुकान तसंच टाकून कळसाडी गाठली. मित्र उसाला पाणी देत होता. मी त्याला सगळं सांगितलं, चोरी झाली म्हणालो, कीबोर्डवाल्याच्या नावाने बोटं मोडली. त्याने पाय धुतले आणि बांधावर बसून आधी तो ठेका माझ्याकडून तोंडाने वाजवून घेतला. मग हसत सुटला.

"नाचू दे ना शेठ. गानं मन्हं ऱ्हायनं काय नि नही काय. मन्ही गल्लीमाईन गये म्हनजे झाये."

मला हे अजिबात पटलं नाही. ज्याने केलं त्याचं नाव नको? आणि इतकं नासवलेलं गाणं गल्लीतून जाऊन तरी उपयोग काय? आम्ही त्या दिवशी खूप भांडलो. तो म्हणायचा, नासलेलं बी चालतं, मूळचं मी म्हनसूच. मूळचं तो म्हणेलच, या भरवशावर तो उदार झाला होता.

आणि तशी वेळ आलीही. त्या वर्षी गणपतीत कळसाडीच्या मंडळाने आम्हाला एक संध्याकाळ दिली. कीबोर्ड नव्हता, तिघंच होतो. स्टेज त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी. आईने आधी तोंड वाकडं केलं, गावात माझं हसू करशील म्हणाली, आणि मग चांगलं लुगडं बाहेर काढून वाळत घातलं, पेटीचा वास जावा म्हणून. दुपारी आम्ही वायरी जोडत होतो तेव्हा गल्लीतून एक माणूस आला. गल्लीतले एक म्हातारे बाबा गेले होते.

आमच्याकडे गल्लीत मयत झाली की वाजा बंद. सांगावं लागत नाही. एवढंच नाही, पुढे वर्षभर त्या घरासमोरून वरात जाते तेव्हा वाजा थांबतो. नाचणारे हात खाली घेतात, गाडी नुसती पुढे सरकते, आणि घर मागे पडलं की पुन्हा सुरू. भोंग्यांच्या या मुलखात कुठे गप्प बसायचं हे कुणाला तरी कळतं, म्हणून मला हा रिवाज फार आवडायचा. शहरातल्या माणसांना मी तो अभिमानाने सांगायचो.

माइकची वायर त्याने स्वतः काढली आणि गुंडाळली. आई दारात उभी राहून बघत होती.

"गानं काय, पुढला साल बी व्हई," तो मला म्हणाला, आणि खांदा द्यायला गेला.

त्या हिवाळ्यात, गाळप चालू असताना, शहाद्याहून मोटरसायकलवर परतताना तो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. आमच्याकडे दरवर्षी अशी माणसं जातात आणि दरवर्षी ट्रॉल्या तशाच उभ्या राहतात. याच्यावर माझं काही मत नाही. मला फक्त शिव्या येतात.

त्याच्या आवाजातलं गाणं कुठेही नाही. मी सगळे मोबाइल शोधले, ड्रमवाल्याचाही शोधायला लावला. तो नोकरीला लागून गाव सोडून गेला होता, तरी त्याने शोधलं. फोटो सापडले. एका व्हिडिओत माझा मित्र माइकवर टकटक करून "हॅलो, चेक" म्हणतो आणि व्हिडिओ संपतो. कीबोर्डवाला भेटायला आला तेव्हा खूप रडला. त्याच्याकडेही नुसती चाल होती, बोटांत. प्रत्यक्ष समोर बसून ऐकलेलंच खरं, असं कुणी मोठ्या तोऱ्यात बोलायला लागलं की हल्ली मी उठून जातो. खरं असेलही. पण ते खरं घेऊन मी आता काय करू?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मित्राच्या घरी गेलो. ज्या घरात वर्षात माणूस गेलेला असतो, तिथे आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात. देवापाशी लाल मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. मोठ्या माणसांच्या घागरी मी खूप पाहिल्या होत्या. बरोबरीच्या मित्राची पहिल्यांदा पाहत होतो. वडील ओट्यावर पाठ करून बसले होते. जेवण झाल्यावर ते शेतात निघून गेले. त्याची आई आणि मी, दोघंच राहिलो. मी उगाच मोटारीची चौकशी केली, पाणी नीट ओढते का.

आखाजीचा मुहूर्त, त्यामुळे गावात लग्नही होतं. दुपार कलताना नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, त्याचा वाजा लांबून ऐकू यायला लागला. मारुतीची वाट त्यांच्याच गल्लीतून जाते. आधी नुसता ठेका कळत होता. मग पिकअप गल्लीत वळली आणि भोंग्यातून पहिली ओळ आली.

दारले कुलूप, किल्ली गई सुरतले.

आई सांजोऱ्यांचं ताट झाकत होती, ते तिने तसंच ठेवलं. माझ्याकडे बघितलं. ती उठून दारात गेली आणि मी तिच्या मागे उभा राहिलो. गायक ती एकच ओळ घोळवत होता, नाचणाऱ्यांना थोडं खेळवून मग पुढची घेतात तशी. गाडी घरं मागे टाकत येत होती. माझ्या मनात फक्त एवढंच चाललं होतं की पुढची ओळ घे, बाबा, लवकर घे. कसाही म्हण, कितीही पळव, पण घे.

नवरदेवाकडच्या एका कर्त्या माणसाने आम्हाला दारात पाहिलं. त्याने धावत पुढे जाऊन पिकअपच्या दारावर थाप मारली आणि हात आडवा केला. वाजा बंद झाला. नाचणाऱ्यांनी हात खाली घेतले. कुणी फेटा सारखा केला, कुणी खाली बघितलं. आता फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

आईने हात वर केला. चालू द्या, चालू द्या, असा पंजा हलवत राहिली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या माणसाला वाटलं, ती म्हणतेय की जा, माझी हरकत नाही, सुखाने जा. त्याने तिला हात जोडले. त्याचं पाहून मागच्या पोरांनी जोडले. घोड्यावरून नवरदेवाने जोडले. पिकअपवरच्या गायकाने माइक छातीशी धरून मान खाली घातली. आई हात हलवत राहिली आणि अख्खी वरात एकेक करून तिला नमस्कार करत, चपलांचा आवाज न करता तिच्या दारासमोरून निघून गेली. मी ओरडायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. इतकी माणसं इतक्या मनापासून गप्प असताना मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

मारुतीपाशी पोचल्यावर ठेका पुन्हा सुरू झाला. गाणं दुसरं होतं.

आई उंबऱ्यावर बसली.

"वाजाडा म्हनी सांगं मी तेसले," ती म्हणाली. "तेनंच गानं व्हतं ना ते?"

"व्हय मावशी. तेनंच."

"पुढे काय शे त्या गानामा?"

त्या घरात वर्षभर गाणं म्हणायचं नव्हतं, आणि मला गाता येत नाही. म्हणून मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि सगळ्या ओळी नुसत्या बोलून दाखवल्या, पाठ केलेला धडा म्हणतात तशा, पहिल्यापासून शेवटच्या कुलपापर्यंत. तो जिथे थांबायचा तिथे मी थांबलो, पण त्या थांबण्यात काही नव्हतं. तिने मध्ये एकदाही डोळे पुसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत, हात मांडीवर मोकळे सोडून ती ऐकत होती.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "तो आसंच म्हने का?"

"नही," मी म्हणालो.