लाल गाडी, तिचं पोट आणि तांड्यावरचा ब्रेकर

स्वतःच्या गाडीचं पोट वाचवण्यासाठी तुम्ही कधी वर ठळक अक्षरांत 'जनहितार्थ' असं छापून पत्रक काढलं आहे का? मी काढलं आहे. पिवळ्या कागदावर, तीन उद्गारचिन्हांसह. आणि वाईट म्हणजे ते लोकांना पटलं.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. वाटून उरलेले गठ्ठे घरीच यायचे. भाकरीच्या टोपलीत पत्रक, माझ्या वह्यांना पत्रकाचं कव्हर, खिडकीची फुटकी काचही पत्रकानंच बुजवलेली. मी पहिला जोडशब्द वाचला तो 'जाहीर निषेध'. मोठा झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागलो. यवतमाळला खोली घेतली, दिवसा एका दुकानात टायपिंग आणि डिझाइनचं काम, आणि उरलेल्या वेळात अन्यायाचा शोध. अन्याय मिळाला नाही तर दिवस वाया गेल्यासारखं वाटायचं.

अशा माणसानं स्पोर्ट्स सेडान का घ्यावी? मित्रांना मी सांगितलं, डिकी मोठी आहे, गठ्ठे मावतात. खरं कारण असं की ती लाल होती, मागे तिला छोटा पंख होता आणि आर्णी रोडला तिसऱ्या गिअरमध्ये ती असा आवाज काढायची की माझ्या अंगावर काटा यायचा. आधीचा मालक राजूरच्या कोळसा खाणीकडचा. गाडी इतकी वर्षं कोळशाच्या धुळीत राहिलेली की एसी लावला की आजही रुमाल काळा होतो. सभेला जाताना मी ती दोन गल्ल्या अलीकडे लावायचो आणि पुढे चालत जायचो, घाम पुसत, कष्टकऱ्यासारखा.

गाडी म्हातारी झाली तशी खाली बसत गेली. मुळातच जमिनीला लागून होती, त्यात स्प्रिंगा थकल्या. लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळच्या गॅरेजवाल्यानं ती वर उचलून पाहिली आणि हळहळत म्हणाला, "भाऊ, खालून पुरी खरवडली हो. डोसा काढल्यावानी."

"मग काय करायचं?"

"दोनच रस्ते. एक तं स्प्रिंगा बदलू, वरतून स्पेसर टाकू, गाडी दोन बोटं उचलू. नाई तं इकून टाका अन् उंच गाडी घ्या."

"उचलली तर दिसेल कशी?"

"खरं सांगू? बदकावानी."

बदक मला मंजूर नव्हतं. पण ते कारण सांगायला लाज वाटली, म्हणून मी तत्त्व काढलं. म्हणालो, गाड्यांमध्ये असले फेरफार करण्याच्या मी विरोधात आहे. कॉलेजची पोरं सायलेन्सर बदलून फटाके वाजवत फिरतात, त्यांच्यावर मी पत्रक काढलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "माहीत हाय न." आणि त्यानं ऑइलची काडी ज्या कागदाला पुसली तो कागद मला दाखवला. माझंच पत्रक होतं. "कागद चांगला वापरता भाऊ तुमी. तेल झटक्यात पेते."

मग विकून दुसरी का नाही घ्यायची? तर 'वापरा आणि फेका' संस्कृतीवरही माझं एक पत्रक होतं. दोन्ही रस्ते मीच आधी बंद करून ठेवलेले.

हे सगळं चाललं होतं एका ब्रेकरमुळे. माझी आई, आम्ही तिला याडी म्हणतो, आमच्या बंजारा तांड्यावर अंगणवाडी सेविका आहे. अंगणवाडी रस्त्याच्या या बाजूला, घरं त्या बाजूला. मध्ये ब्रेकर. तोही असा की बैल आडवा झोपला आहे असं वाटावं. याडीचे गुडघे दुखतात, म्हणून दर रविवारी मी तिला यवतमाळला शेक द्यायला न्यायचो. ब्रेकर आला की मी थांबायचो, याडी उतरायची, पिशवी सांभाळत पलीकडे जायची. मग मी रिकामी गाडी तिरपी करून, श्वास रोखून वर चढवायचो. खर्रर्र. पुढे याडी परत बसायची. गुडघ्यांच्या इलाजाला निघालेल्या बाईला मी वाटेत चालवत होतो.

एकदा ती दार लावता लावता म्हणाली, "मले एक सांग बेटा. गाडी मले नेऊन राह्यली का मी गाडीले?"

तांड्यावरच्या लेकरांनी तर याचा खेळच केला. चारपाच जण एकमेकांचा सदरा धरून गाडी व्हायचे, ब्रेकरजवळ आले की पुढचा ओरडायचा, "उतरा रे सारे, लाल गाडी आली!" सगळे उतरायचे, पुढचा एकटा पोटावर सरपटत ब्रेकर पार करायचा आणि तोंडानं 'खर्रर्र' करायचा.

हा अपमान माझ्या मनात घोळत होता तेवढ्यात बातमी आली, रस्त्यावर नवं डांबर पडणार. जुना ब्रेकर जाणार होता. परत करायचा की नाही ते ग्रामसभा ठरवणार. मला एकदम प्रकाश दिसला. गाडीत फेरफार करायला नको, गाडी बदलायला नको. रस्ताच बदलू.

एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'अशास्त्रीय गतिरोधक: जनतेच्या मणक्यावर हल्ला!!!' त्यात बाळंतिणीला घेऊन निघालेली रिक्षा होती, कापूस भरलेली गाडी होती, दुधाचे सांडणारे कॅन होते. लाल सेडान कुठेही नव्हती. याडीला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून सावकाश शेवटपर्यंत वाचलं.

"लिवलं चांगलं हाय. पण मनका कोनाचा म्हनतं तू?"

"लोकांचा."

"तुह्या गाडीचा नाई न?"

मी म्हणालो, वैयक्तिक टीका नको, मुद्द्यावर बोल. ती म्हणाली, "मुद्दा? लेकरू घराकडं पाहून पयते, रस्त्याकडं नाई. हा माहा मुद्दा." आणि पोळ्या लाटायला उठली. मी गठ्ठा उचलून वाटायला निघालो.

ग्रामसभेत लोक माझंच पत्रक हातात घेऊन बोलत होते. एकानं तर उद्गारचिन्हंसुद्धा वाचली, म्हणजे तिथं तीनदा टेबलावर हात आपटला. मी मागच्या रांगेत बसून फुगत होतो. मग याडी उभी राहिली. लेकरांचं बोलली, थोडक्यात, एकटीच. पुढून कोणीतरी म्हणालं, "बाई, पाम्प्लेट तं तुमच्याच पोरानं काहाडलं हाय. आधी घरी ठराव घ्या न!"

सभा हसली. याडीही थोडी हसली आणि खाली बसली. मी उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. देशातल्या कुठल्याही अन्यायावर मी उभ्या उभ्या अर्धा तास बोलतो. तिथं मात्र मला पाणी प्यायची आठवण झाली. 'ब्रेकर नको' या ठरावाला हात वर झाले, त्यात माझाही होता, कोपरात थोडा वाकलेला.

नवा रस्ता झाला, काळा, गुळगुळीत. एका सकाळी मी मुद्दाम याडीला घरून अंगणवाडीपर्यंत गाडीतून न्यायला गेलो. जुन्या ब्रेकरच्या जागेवरून गाडी लोण्यासारखी सरकली. मी म्हणालो, "बघ, उतरावं लागलं का?"

"थांबव," ती म्हणाली.

ती उतरली, पण अंगणवाडीत गेली नाही. पिशवी काठावर ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवे करून उभी राहिली. पलीकडून लेकरं यायला लागली. रस्ता झाल्यापासून ती रोज हेच करत होती, मला पत्ताच नव्हता. एक मोटारसायकल तिच्या पदराला वारा घालून गेली. मागे बसलेला वळून ओरडला, "ओ बाई, मरून राह्यली का?" तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती लेकरं मोजत होती.

मागून कापसानं फुगलेला एक पिकअप येताना दिसला, हॉर्न दाबूनच. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. गाडी मागे घेतली आणि याडीच्या अलीकडे, अर्धी रस्त्यावर अर्धी काठावर, तिरपी उभी केली. पिकअप करकचून थांबला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "अबे, लाल डबा कायले आडवा लावला?"

लेकरं डब्याच्या आडून पार झाली. याडी माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता ऐकवेल. ती म्हणाली, "उद्या जराशी इकडं लावजो. सावली येते लेकरायले."

तेव्हापासून गाडी तिथंच असते. मी यवतमाळहून एसटीनं येतो-जातो. बैठकीला आता दोन गल्ल्या अलीकडून चालत जायचं नाटक करावं लागत नाही, घाम खराच येतो. गॅरेजवाल्याचा फोन आला, "काय ठरलं भाऊ, उचलायची का इकायची?" मी सांगितलं, मागच्या अंगाला पिवळे-काळे पट्टे मारायचे आणि चकाकणारी टेप लावायची. त्यानं दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, "त्यापेक्षा बदक बरं होतं हो." आला मात्र, आणि पट्टे सरळ मारून गेला. टेप नीट बसावी म्हणून त्यानं मागचा पंख काढला. तो पंख आता अंगणवाडीत आहे, लेकरं त्याची घसरगुंडी करतात.

पण गाडी म्हणजे ब्रेकर नव्हे. कोणी तक्रार केली तर ती हटवावी लागेल आणि तक्रार खरीच असेल. मग पुन्हा याडी मधोमध उभी राहील. म्हणून पुढच्या ग्रामसभेसाठी मी नवं पत्रक लिहिलं आहे: 'मागील पत्रकाचा जाहीर निषेध. दोन्हींचा लेखक एकच.' त्यात लाल सेडान पहिल्याच ओळीत आहे. उद्गारचिन्ह एकही नाही. याडीनं वाचलं आणि विचारलं, "आता मनका कोनाचा?" मी म्हणालो, "तुझा." तिनं गठ्ठ्यातली अर्धी पत्रकं स्वतः वाटायला नेली.

तर आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्या भागात एखाद्या किराणा दुकानात, पानठेल्यावर ते पिवळं पत्रक अजून चिकटलेलं दिसलं तर फाडून टाका. लिहिणाऱ्याची परवानगी आहे. आणि तांड्यावरून जाताना पट्ट्यापट्ट्यांची एक म्हातारी लाल गाडी वाटेत आडवी दिसली, तर हॉर्न वाजवू नका. ब्रेकवर पाय ठेवा आणि थोडं थांबा. तिच्या आडून लेकरं येत असतील.