पारी ताणली तिथे

ताईने पुरणपोळीची पारी एका बाजूला जास्त ताणून लाटली आणि तिथेच ती फुटून पुरण तव्यावर आलं. तिची मुलगी रेवा ज्या बेटावर ज्वालामुखींचा अभ्यास करते, तिथे पहाटे उद्रेक झाला होता. फोन लागत नव्हता.

दुपारी रेवाचाच फोन आला. "आई, मी सुखरूप आहे गं. पलीकडच्या किनाऱ्याला जमीन ताणून पातळ झालीय, लाव्हा तिथूनच वर येतो. आमच्याकडे ती जाड आहे."

"म्हणजे पारी ताणली, तिथेच पुरण बाहेर."

"सरांना हेच आम्हाला समजवायला आठवडा लागला होता!"

अशा बेटांच्या रांगेखाली आग दूरवर पसरलेली असते. ती कुठून वर येणार, हे बहुधा वरचा ताण ठरवतो.

मग ताईने विचारलं, "जेवलीस का?" रोजचा हा प्रश्न तिला सकाळपासून सुचलाच नव्हता.