बाळंतिणीच्या खोलीची भिंत

अमरावतीच्या दवाखान्यात नर्स म्हणून मी बरीच वर्षं काढली. घरी बाळंत होऊन ताप अंगात घेऊन आलेल्या बाया मी तिथे पाहिल्या. त्यातली एक माझ्याच वयाची होती, ती वाचली नाही. नोकरी सोडून घरच्या पुढच्या खोलीत बाळंतपणं करायची ठरवली, तेव्हा मी एकच हट्ट धरला. त्या खोलीची भिंत साबणाने धुता आली पाहिजे. म्हणजे पांढऱ्या टाइल्स.

उन्हाळ्यात मिस्त्रींनी त्या बसवल्या आणि श्रावणात निम्म्या खाली आल्या. आमचं घर काळ्या मातीवर उभं. पावसात ही माती फुगते, उन्हात भेगाळते, आणि विटामातीची भिंत तिच्यासोबत हलते. खाट रिकामी होती म्हणून निभावलं.

सासूबाई म्हणाल्या, "चुना मार अन् मोकळी हो. आमाले काय टाइलीत लेकरं झाले?"

यांनीही यंदा राहू दे म्हटलं. मी राहू देणार नव्हते. मिस्त्री पुन्हा टाइल्स बसवायला राजी नव्हते. परत पडतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला दवाखान्यातली एक खोली आठवली. तिथे लाकडी चौकटीवर सिमेंटचे सपाट पत्रे ठोकून त्यावर टाइल्स लावल्या होत्या. भिंत मागे सुटी राहिली, तर ती हलेना का. मी तसं मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी उठून भिंत ठिकठिकाणी ठोकून पाहिली.

"केलं नाही कधी," ते म्हणाले. "करून पाहू."

पत्रे अमरावतीत मिळेनात. मी एसटीने अकोल्याला गेले आणि सरकीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर आडवे घालून ते घेऊन आले. मिस्त्रींनी भिंतीपुढे बोटभर जागा सोडून सागवानी पट्ट्या उभ्या केल्या, ओळंबा धरून सरळ केल्या आणि पहिला पत्रा लावून खिळा ठोकला. पत्रा आरपार तडकला. दुसराही तसाच गेला. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली आणि गिलावा करून घ्या म्हणाले.

मला रडू येत होतं. पण उरलेले पत्रे समोर दिसत होते. शेजारच्या सुताराकडून मी गिरमिट मागून आणलं. आधी भोक पाडायचं, कडेपासून चार बोटं आत, आणि मग स्क्रू हळूहळू पिळायचा, असं आम्ही दोघांनी तुकड्यांवर करून पाहिलं. तुकडा फुटला नाही.

दुपारभर मी पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मिस्त्री स्क्रू पिळायचे. खांदे भरून आले होते. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, पदर खोचला आणि पाठ पत्र्याला लावून उभ्या राहिल्या.

"सर तू," त्या म्हणाल्या. "दुपारपासून धरून राहिली तू."

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, न बोलावता. पत्र्यांच्या सांध्यांत मिस्त्रींनी सिमेंट भरलं, त्यावर कापडाच्या पट्ट्या दाबल्या, ओल चढू नये म्हणून खाली बोटभर फट ठेवली. सगळं वाळल्यावर टाइल्स बसवल्या.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीला बाहेरून भेग पडली, बोट जाईल एवढी. मी धावत आत गेले. एकही टाइल हलली नव्हती. सासूबाई मागोमाग आल्या, हाताने भिंत चाचपून पाहिली आणि बाहेर गेल्या. त्याच आठवड्यात त्यांनी बाळापूरला लेकीच्या सासरी निरोप धाडला, की लेकीला बाळंतपणाला इकडे पाठवा, सून करते.

नणंदेला मुलगी झाली. सव्वा महिन्याने ती सासरी गेली, तोवर खोलीत दुसरी बाळंतीण आली होती.