समोरच्या बाईंना मी शिकवलेलं मराठी

चहा आधी घेऊन टाका. हे ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, शंकाच आहे. इतकी वर्षं दुबईत काढली, पण अशी शोभा कधी झाली नव्हती. आणि केली कुणी? मीच! दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरचा फ्लॅट रिकामा होता. एक दिवस दारावर इंग्रजीत पाटी लागली, एस. महादेव. शेवटची अक्षरं डी-ई-ओ! आता तुम्हीच सांगा, 'देव'चं असं स्पेलिंग कोण करतं? आपणच ना? मी घरात शिरतानाच बायकोला ओरडून सांगितलं, "मेधा, समोर आपलं माणूस आलंय!"

"आधी विचारून तरी या," मेधा म्हणाली.

विचारायचं काय त्यात? दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये समोरच्या बाई भेटल्या. पंचावन्नच्या आसपास, सावळ्या, हातात दोन बांगड्या. मी हात जोडले. "नमस्कार! कुठल्या तुम्ही?"

"सॉरी, डिअर?"

"अहो, गाव! व्हिलेज!"

"ओ! मायारो. बाय द सी." लिफ्ट उघडली, बाई गेल्या.

मायारो? समुद्राकाठी? मुरुड असणार, दुसरं काय! चार वर्षं परदेशात राहिलं की मुरुडचं मायारो होतं!

आणि मराठीचा एक शब्द नाही तोंडात! माझं डोकंच फिरलं. मला कामाला शारजाच्या हमरिया फ्री झोनला जायला साडेसहाला निघावं लागतं, बाई शाळेत शिकवायच्या, त्याही तेव्हाच निघायच्या. म्हणजे रोज एकच लिफ्ट. तिसऱ्या दिवशी मी चेहऱ्यावर छान हसू ठेवून म्हणालो, "काय बाई, शिंगं फुटली वाटतं!"

बाई गोड हसल्या.

खाली उतरताना मी आणखी एक ठेवून दिली. "लाज कशी वाटत नाही!"

बाईंनी चक्क मान लववली. बघितलंत? सगळं कळतंय, वर हसते!

मग काय, रोजचंच झालं. लिफ्टमध्ये शिरताना शिंगांचं, खाली उतरताना लाजेचं. महिनाभर! बाई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटायचं, शिव्या देतायत. मनातून बरं वाटायचं हो. लागलं म्हटलं कुठेतरी!

तेवढ्यात चिपळूणहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांच्यासमोर मी पंधरा वर्षं 'किती मृदू बोलतात आमचे जावई' ही ख्याती जपलेली. आणि त्याच आठवड्यात बाईंनी आम्हा सगळ्यांना शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं. "माझ्या किनाऱ्यावरचं जेवण खायला या," असं इंग्रजीत म्हणाल्या. मी मेधाला म्हटलं, "बघ! आली वाटेवर."

आम्ही चौघं गेलो. मी, मेधा, सासूबाई आणि आमची बारा वर्षांची ईरा. बाईंनी दार उघडलं, सासूबाईंसमोर वाकून हात जोडले आणि प्रेमाने, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"काय बाई, शिंगं फुटली वाटतं!"

सासूबाई दारातच थिजल्या.

"बाबा," ईरा कुजबुजली, "डिड शी जस्ट से हॉर्न्स?"

मी "यल्ला, यल्ला, आत चला," म्हणत सगळ्यांना ढकललं.

आत भिंतीवर फोटो. मैलोन् मैल माड आणि वाळूवर जाळं ओढणारी माणसं. "अगो, ही तर रापण!" सासूबाई शिंगं विसरून पुढे सरकल्या. "कुठलं गं हे? गुहागर?"

"मायारो," बाई म्हणाल्या. "त्रिनिदाद."

त्रिनिदाद! वेस्ट इंडिज! लहानपणापासून ज्यांच्या टीममध्ये आपल्यासारखी नावं वाचत आलो, ते वेस्ट इंडिज! बाईंचे खापरपणजोबा बिहारकडून जहाजात बसून ऊस तोडायला गेलेले. तिकडच्या कुणा कारकुनाने महादेवचं डी-ई-ओ करून टाकलं. मराठीशी बाईंचा संबंध शून्य!

तेवढ्यात पानं वाढली गेली. अळूची पानं, नारळाचं दूध आणि भेंडी घालून शिजवलेलं 'कलालू', त्यात अख्खी कुर्ली, म्हणजे आपला खेकडाच. "अळूचं फदफदं!" सासूबाई ओरडल्या. सोबत डाळ भरलेली पुरी, तिला म्हणायचं 'डालपुरी'. तिथे रात्री प्रचंड कासवं किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, दिवाळीत वाकवलेल्या बांबूंवर पणत्या लावतात, असं बाई भरभरून सांगत होत्या. सासूबाई खूश. मला वाटलं, सुटलो.

मेधाने विचारलं, "तुम्ही ते दारात काय म्हणालात, ते कुठे शिकलात?"

"तुमचे मिस्टरच शिकवतात! रोज सकाळी, लिफ्टमध्ये. इतके प्रेमळ!" बाईंनी वही आणली. पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरांत माझी दोन्ही वाक्यं. एकासमोर 'भेटल्यावर', दुसऱ्यासमोर 'निरोप घेताना'. "शाळेत एका मराठी आजींना मी दोन्ही म्हटली. त्या इतक्या भारावल्या, बोलूच शकल्या नाहीत! अर्थ काय त्याचा?"

मेधा माझ्याकडे बघतेय. सासूबाई बघतायत. आणि मी, शहाण्याने, काय करावं?

"शिंगं म्हणजे... ताकद," मी इंग्रजीत म्हणालो. "शुभेच्छा असतात आमच्यात."

"बाबा, दॅट्स अ लाय," ईरा म्हणाली.

"खोटं कशाला बोलता, मिलिंदराव?" सासूबाईंनी घास खाली ठेवला आणि स्वतःच इंग्रजीत उतरल्या. "ही सेइंग, यू प्राउड. व्हेरी प्राउड. अँड नो शेम."

बाई वहीवर हात ठेवून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी आजी तिच्या भाषेत बोलायची. आम्हीही आजीच म्हणायचो तिला. आम्ही पोरं हसायचो. कुणीच काही लिहून ठेवलं नाही. ती गेली, शब्दही गेले. म्हणून इथे आल्यावर ठरवलं, कुणी भारतीय शब्द दिला की लिहायचाच. तुमचा पहिला होता."

काय सांगू तुम्हाला! घास हातात, हात ताटात, आणि मान त्याच्याही खाली. नुसतं "सॉरी, सॉरी" करत राहिलो.

बाईंनी वहीचं पान उलटलं, पेन काढलं.

"सॉरी नको. मराठीत काय म्हणतात?"

"मी चुकलो."

"सावकाश, डिअर."

"मी... चुक... लो."

"आणि का चुकलो, तेही सांगा," सासूबाई कलालू वाढून घेत म्हणाल्या. "मिलिंदराव, लिहून घ्या म्हणावं, 'मी महामूर्ख आहे.' जोडाक्षर आहे, नीट सांगा!"

आणि सासू, बायको, मुलगी यांच्या देखत मी ते अक्षर अक्षर फोडून सांगितलं. तीन वेळा. बाईंचा रफार नीट येत नव्हता हो!