आबांचं एक मिनिट

मंगळवारी डॉक्टर आबा गेले. शुक्रवारी त्यांच्या मुलाने दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ काढून मला दिलं.

आमच्या चोपडा गावात त्यांना ‘मिनिटवाले आबा’ म्हणत. हाताला मुंग्या येतात असं कुणी म्हटलं, की ते त्याला कोपरं उचलून दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावत, बोटं जमिनीकडे. मग घड्याळाकडे बघत म्हणत, “आता एक मिनिट बोलायचं नाही.” आमच्या गावाला ते औषधापेक्षा कडू वाटे.

माझी आई लग्नघरी खापराचे मांडे करायची. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. एका लग्नात हाताला मुंग्या येऊन मांडा तिच्या हातातून सुटला आणि राखेत पडला. जमलेल्या बायकांत कुणीतरी ‘लकवा’ म्हणालं. धुळ्याच्या मामानेही फोनवर तेच म्हटलं. आईने पुढची सगळी लग्नं सोडली आणि दोन महिने तिळाचं तेल चोळत बसली. शेवटी मी तिला आबांकडे नेलं.

“मुंग्या आल्या की काय करता, अक्का?”

आईने थर्मामीटर झटकतात तसा हात झटकून दाखवला. आबा हसले. “निम्मं तुम्हीच सांगितलं.”

मग हातांच्या पाठी जुळल्या. मिनिट पुरं व्हायच्या आतच आई बोलली. “आबा, मुंग्या उन्यात! माले लकवा ते नही ना?”

“कोणत्या बोटांत?”

“अंगठा, अन् ह्या दोन. करंगळी चांगली शे.”

धीर द्यायचा असला की आबा अहिराणीत येत. “लकवा करंगळी निवडीसन सोडत नही, अक्का.”

त्यांनी तिच्या मनगटावर बोटाने टकटक केलं, तशी आईच्या बोटांत झिणझिणी गेली. मग तिच्या हातावर टॉवेल टाकून मांडा करून दाखवायला सांगितलं आणि मध्येच थांबवलं. “इथे. मनगट मुडपलं की आतली नस दाबली जाते. झोपताना पट्टी बांधायची. मी सांगेपर्यंत मांडे बंद.”

“अन् नवरदेवले काय खावाडू? बिस्किट?”

“खाऊ दे. नवरी तर मिळतेय ना त्याला!”

जळगावला नसांची तपासणी करायला चिठ्ठी दिली. म्हणाले, “तिथे हेच निघेल.” तेच निघालं. पुढच्या लग्नसराईत आई पुन्हा खापरापुढे बसली.

गेल्या महिन्यात मी आजारी आबांना घरी भेटायला गेले. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर पुस्तकांची सूची करून माझी बोटं दुखत होती, हे त्यांनी न विचारताच ओळखलं. “जोड हात.” खोलीत घड्याळ नव्हतं. पडल्या पडल्या तेच मोजू लागले. अडतीसला त्यांना दम लागला. उरलेले आकडे मी मोठ्याने मोजले.

“मुंग्या?”

“नाही, आबा.”

“मग थकवा आहे. पुस्तकं बिनधास्त उचल.”

घड्याळ आता स्वयंपाकघरात आहे. आई रविवारी मांडे करते. पूर्वीपेक्षा थोडे लहान होतात. मनगट ती सरळ ठेवते.