साळूबाईची खिडकी

आमच्या वेळी कॅमेरा नव्हता, साळूबाई होती. परवा नातीच्या वसतिगृहात गेले तर जिन्यात, व्हरांड्यात, अगदी पाण्याच्या टाकीपाशीही कॅमेरे लावलेले. नात म्हणाली, "सवय होते गं आजी." मला काही तासाभरात सवय झाली नाही. मी आपली उठत होते, बसत होते, उगाचच पदर सारखा करत होते. घरी येईपर्यंत साळूबाई डोक्यातून गेली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

एकाहत्तर साली मी सोनईहून संगमनेरला बी.ए.ला आले. मुलींचं वसतिगृह म्हणजे दहा खोल्या, मध्ये वाचनाची खोली आणि मागं परस. परसात हौद, धुण्याचे दगड आणि वाळत घालायच्या चार दोऱ्या. चौथी दोरी भिंतीलगत, पत्र्याच्या आडोशाआड. तिच्यावर महिन्याच्या अडचणीचे कपडे वाळायचे. ते कुणी कुणाचे ओळखायचे नाहीत, असा न सांगितलेला नियम होता.

त्याच वर्षी कुणा दिवट्यानं चिठ्ठीत दगड गुंडाळून कुंपणावरून आत टाकला. चिठ्ठी कुणासाठी होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण शिक्षा आम्हा सगळ्यांना झाली. संस्थेचे सेक्रेटरी आबासाहेब येऊन परसात फिरून गेले आणि आठ दिवसांत साळूबाईच्या खोलीच्या भिंतीला खिडकी पाडली. तारेची जाळी लावलेली, हातभर रुंद. तिच्यातून हौद दिसे, दोऱ्या दिसत, आडोशाच्या आतलं दिसे, मागचं फाटक दिसे. साळूबाईनं काम नसेल तेव्हा तिथं बसायचं आणि रोज संध्याकाळी सहा वाजता रेक्टरबाईंना सगळं सांगायचं.

साळूबाई आमची मावशी, म्हणजे वसतिगृहाची झाडलोट करणारी, दिवे लावणारी, आजारी मुलीला पेज करून घालणारी. वय चाळिशीचं. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. अकरा वर्षं ती ऊसतोडीला गेली, तोडणीवाल्यांच्या झोपडीत, कोपीत राहिली. कोपीला दार नसतं, पाचटाचा झाप असतो. त्यामुळं वसतिगृहातल्या त्या आठ बाय आठच्या खोलीचं तिला केवढं कौतुक! "आतनं कडी हाय पोरींनो," ती सांगायची, "जन्मात पयल्यांदा आतनं कडी लावून झोपते मी." अशा बाईला आमच्यावर नजर ठेवायला बसवलं, याचा मला तेव्हाही संताप यायचा.

तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिची आठवण भयंकर होती. कोण फाटकाशी किती वेळ उभी होती, दूधवाल्याशी कोण हसून बोललं, कुणी एका आठवड्यात तीनदा केस धुतले, सगळं एका दमात, न चुकता. ती वाईट नव्हती. तिला वाटे, हे झाडण्यासारखंच एक काम आहे आणि ते चोख करावं. आम्ही मात्र परसात गेलो की आमचे खांदे आपोआप आखडायचे. हौदाशी गप्पा बंद झाल्या. मी तर धुणं अर्धवट पिळून पळत यायची. दिवसभर काही टोचल्यासारखं व्हायचं आणि कुठं टोचतंय ते सापडायचं नाही.

बहात्तरला दुष्काळ पडला. हौद आटला, टँकर येऊ लागला, दर मुलीला दोन बादल्या पाणी. मेसमध्ये लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, भाकरी आली. त्याच वर्षी जूनमध्ये माझ्या खोलीत भागिरथी आली होती. पाथर्डीकडची, बौद्ध घरातली. वडील कचरू आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्यांच्या वस्तीतली कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. बोलायची कमी, अभ्यास मात्र असा करायची की माझा जीव खालीवर व्हायचा.

सप्टेंबरात एकदा साळूबाई पुढच्या अंगणात टँकरपाशी होती, तेव्हा कुणीतरी भागिरथीची फडकी चौथ्या दोरीवरून काठीनं खाली ढकलली. मी ढकलली नव्हती. हे मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आलेय. मी फक्त संध्याकाळी खोलीत तिला म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात, "कशाला कटकट? तुझे तू दुसरीकडं वाळत घाल ना." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या कॉटखाली, ट्रंकेच्या मागं, एक सुतळी बांधली. तिथं ऊन नाही, वारा नाही. ओल्या कपड्यांचा वास यायचा आणि मी नाकाला पदर लावायची.

खिडकीतून कॉटखालचं दिसत नव्हतं. साळूबाईला दिसली ती रिकामी दोरी. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. त्यात मिलोची भाकरी भागिरथीला पचेना, दोनदा हौदाशी ओकली. साळूबाईनं दोन आणि दोन चार केले आणि सहा वाजता रेक्टरबाईंना सांगितलं, "दोन महिनं झालं बाई, भागिरथीची फडकी दोरीवर न्हाईत."

डॉक्टरकडं नेलं तर गावभर बोभाटा होईल, म्हणून रेक्टरबाईंनी सरळ घरी पत्र टाकलं. कचरू आला तो कामावरूनच, केसांत खडीची धूळ घेऊन. रेक्टरबाईंनी त्याच्या देखतच भागिरथीला विचारलं, "असं काही नाही म्हणतेस, मग तुझे कपडे वाळतात कुठं?" बापासमोर पोरगी काय बोलणार? ती मान खाली घालून उभी राहिली. "प्रकृती बरी दिसत नाही, आईला दाखवा," एवढंच रेक्टरबाई म्हणाल्या, आणि कचरूला सगळं समजलं. त्यानं ट्रंक उचलली. परीक्षेचा फॉर्म भरायला नऊ दिवस उरले होते. तो चुकला की वर्ष गेलं, शिष्यवृत्ती गेली, आणि ती परत कधी येणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. मी खोलीत पुस्तक उघडून बसले. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

एरवी आपापली खोली आम्हीच झाडायचो, पण भागिरथीची जागा रिकामी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी साळूबाई झाडायला आली. कॉटखाली केरसुणी घातली ती सुतळीला अडकली. ती वाकली, आत गेली आणि किती तरी वेळ बाहेरच आली नाही. आली तेव्हा हातात सोडलेली सुतळी होती आणि चार फडकी, वाळून कडक झालेली.

"ही हितं कशापायी?" तिनं मला विचारलं.

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"पोरी, मी काय इचारते? दोरी सोडून हितं का घालायची ती?"

"कारण मी सांगितलं होतं तिला!" मी ओरडले. "दोरीवर नको म्हणाले. झालं समाधान? तुमच्या खिडकीतून हे बरं दिसलं नाही!"

मला वाटलं, ती मला मारेल. ती मटकन खाली बसली. "मी तिचं वाटुळं केलं गं," म्हणाली, आणि हातातली फडकी पुन्हापुन्हा घडी करत राहिली.

त्याच दुपारी ती रेक्टरबाईंकडं गेली. त्या म्हणाल्या, "आबासाहेबांना कळवून झालंय. आता उकरून काढू नका. तुम्ही चुकलात म्हणजे मीही चुकले असं होईल." साळूबाईनं रजाही मागितली नाही. पहाटेच्या एस.टी.नं नगर, तिथून पाथर्डी, पुढं पायी. भागिरथी आईशेजारी बसून खडी फोडत होती. साळूबाईनं चारचौघींत एक शब्द काढला नाही. आईला बाभळीखाली बाजूला नेलं, पिशवीतली फडकी आणि सुतळी तिच्या हातात दिली आणि तिचे पाय धरले. हे मला भागिरथीनंच पुढं सांगितलं. ती म्हणाली, आईनं आधी साळूबाईच्या थोबाडीत एक ठेवून दिली, मग तिला पाणी दिलं.

कचरूची समजूत पटेपर्यंत दिवस गेले; फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या दिवशी साळूबाई आणि भागिरथी वसतिगृहाच्या दारात उभ्या. भागिरथीच्या तळहातांना फोड आले होते. रेक्टरबाईंनी तिला बाहेर बसवलं आणि खोलीतली जोडीदारीण म्हणून मला आत बोलावलं. टेबलावर कागद होता. आबासाहेबांचा निरोप असा, की मुलीला परत घ्यायचं तर साळूबाईनं खोटी माहिती दिली असं लिहून द्यावं, आणि खोटी माहिती देणारी बाई कामावर राहणार नाही.

"खोटी न्हाई दिली बाई," साळूबाई म्हणाली. "दोरी रिकामीच हुती. जे दिसलं न्हाई, ते मी मनानं जोडलं. पर लिवा तुमी काय लिवायचं ते."

रेक्टरबाईंनी लिहिलं. मग त्यांना एकदम सुचलं. "पण तिनं दोरी सोडली का? कुणी सांगितलं तिला?"

साळूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी बोलायला हवं होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. तिनं मला वेळही दिला, खिडकीशी बसायची तशीच ती शांतपणे बघत राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"ते मला दिसलं न्हाई बाई," साळूबाई म्हणाली, आणि शाईत अंगठा बुडवला.

त्याच संध्याकाळी तिनं खोली रिकामी केली. एक बोचकं, एक तवा, एक घोंगडी. भागिरथी तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. मी व्हरांड्यात इकडून तिकडं नुसती फिरत होते. साळूबाई जाताना मला काहीच बोलली नाही. रागानं बोलली असती तर मी तिला आजवर विसरलेही असते.

ऊसतोडीचा हंगाम तेव्हा चालूच होता. ती परत कोपीत राहायला गेली, असं नंतर कानावर आलं.

रात्री भागिरथीनं ट्रंकेतून सुतळी काढली. मी कॉटवर बसून बघत होते. "आता दोरीवर घाल," असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ती वाकली आणि फोड आलेल्या हातांनी तिनं ती सुतळी पुन्हा तिथंच, कॉटखाली बांधली. परीक्षा संपेपर्यंत सुतळी तिथंच होती, आणि मी समोरच्या कॉटवर बसून अभ्यास करत होते.